‘पहले आप’ – पण कोणाच्या जिवावर?

पर्यटन खात्याच्या परिपत्रकांत, व्यवस्थापनाच्या शिबिरांत आणि निविदांच्या प्रस्तावनेत अलीकडे एक वाक्य हटकून आढळते : ‘पर्यटक हाच केंद्रबिंदू.’ उद्यान असो, प्राणिसंग्रहालय असो वा स्मारक, ते येणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी चालले पाहिजे आणि सेवेचा दर्जा उंचावला पाहिजे. या म्हणण्याशी आमचे भांडण नाही. उलट, कामगार चळवळीने हे आधीच ठणकावून सांगायला हवे होते. आमचे भांडण आहे ते या वाक्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या वाक्याशी : ‘म्हणून कायम कामगार कमी करा आणि काम कंत्राटदाराकडे द्या.’ पहिल्या वाक्यातून हे दुसरे वाक्य कसे निघते, ते आजवर कोणी आम्हाला पटवून दिलेले नाही. पहिले वाक्य मनापासून मानायचे असेल तर दुसरे टाकूनच द्यावे लागते, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरणासाठी आम्ही लखनौ शहर घेतो. मराठी वाचक विचारतील, लखनौच का? एक तर सार्वजनिक उद्याने आणि स्मारके यांवर तेथे गेल्या वीस वर्षांत जेवढा पैसा आणि दगड ओतला गेला, तेवढा देशातल्या फार थोड्या शहरांत ओतला गेला असेल. गोमतीनगरचे डॉ. आंबेडकर सामाजिक परिवर्तन प्रतीक स्थळ २००८ मध्ये खुले झाले. महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणारा आंबेडकरी कार्यकर्ता वाट वाकडी करून तेथे जातो. २०१४ मध्ये जवळच पावणेचारशे एकरांचे जनेश्वर मिश्र उद्यान उघडले. प्राणिसंग्रहालय तर १९२१ पासूनचे आहे. दुसरे कारण असे की, ‘पहले आप’ ही या शहराची ओळख. पाहुण्याला आधी मान द्यायचा, आपण मागे राहायचे. पर्यटकाला केंद्रबिंदू मानण्याची भाषा जेथे शोभून दिसावी, असे हे शहर आहे.

एका दुपारची गोष्ट

संघटनेच्या बैठकीसाठी आम्ही मे महिन्यात उत्तर प्रदेशात गेलो असता एक दुपार तिकडच्या एका मोठ्या सार्वजनिक उद्यानात काढली. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका फाटकापुरता नाही. तिकिटाच्या खिडक्या तीन, त्यांतली एक उघडी. ‘मोबाईलवरून तिकीट काढा’ असा मोठा फलक. रांगेत आमच्या पुढे खेड्यातून आलेली एक म्हातारी, सोबत सून आणि दोन नातवंडे. तिच्याकडे मोबाईल नाही, हातात शंभराची नोट. खिडकीतल्या मुलाकडे सुटे पैसे नाहीत. आत गेल्यावर थंड पाण्याची टाकी कोरडी आणि तिच्यापासून वीस पावलांवर बाटलीबंद पाण्याची टपरी. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चौकशी केली तेव्हा कळले की सफाईचे कंत्राट संपले, नवे अजून सुरू व्हायचे आहे.

म्हातारीने झाडांना पाणी घालणाऱ्या एका माळ्याला विचारले. त्याने हातातली नळी खाली ठेवली, ‘चलिए अम्मा’ म्हणाला आणि तिला व सुनेला थेट कार्यालयाच्या मागच्या स्वच्छतागृहाकडे घेऊन गेला. परत आला तेव्हा पर्यवेक्षक उभाच होता. जागा सोडल्याबद्दल त्याने माळ्याला आमच्यादेखत फैलावर घेतले. नंतर आम्ही त्या माळ्याशी बोललो. बारा वर्षे तो त्याच बागेत राबतो आहे. या काळात कंत्राटदार बदलले पाच. दर वेळी नवा अर्ज, नवा हजेरीपट आणि पुन्हा शून्यापासून नोकरी. कोणत्या वाफ्याला पाणी कमी पडते, कोणता दिवा पावसात शॉक देतो, कुठल्या कोपऱ्यात संध्याकाळी मुलींना त्रास होतो, हे सगळे त्याला ठाऊक. पण हे त्याला आजवर कोणी विचारलेले नाही. सांगायला गेला तर ‘तुझे काम झाडांचे’ हे ठरलेले उत्तर.

त्या दुपारी त्या बागेत दर्जेदार सेवा म्हणावी अशी एकच गोष्ट घडली, आणि तिच्याबद्दल कामगाराला बोलणी खावी लागली. आमचा सगळा वाद या एका प्रसंगात आहे.

येणारा माणूस कोण?

‘पर्यटक’ म्हटले की धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विमानाने आलेला, हॉटेलात उतरलेला, खिसा गरम असलेला माणूस उभा राहतो. सार्वजनिक उद्यानात येणारा बहुसंख्य माणूस असा नसतो. तो बसने किंवा शेअर रिक्षाने येतो. डबा घरून आणतो. वर्षातून एक-दोनदा मुलांना हत्ती, वाघ, कारंजे दाखवतो. त्याच्या गरजा साध्या असतात : पिण्याचे पाणी, सावली, स्वच्छ संडास, बसायला बाक, वाचता येईल असा फलक, हरवलेले मूल शोधून देणारा माणूस, आणि अंधार पडल्यावर बायकामुलींना निर्धास्त बाहेर पडता येईल असा उजेड. मे-जूनच्या लखनौमध्ये दगडी फरसबंदी तव्यासारखी तापते. तेथे सावली आणि पाणी या चैनीच्या वस्तू नव्हेत.

सोयी वाढवायच्या म्हणजे तिकीट वाढवायचे, हा दुसरा ठरलेला युक्तिवाद. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१७ मध्ये पेंग्विन आल्यानंतर प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. आई-बाप आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी शंभर रुपये ठरले. भाडेवाढीला आमचा सरसकट विरोध नाही. पण वाढलेल्या रुपयातले किती पैसे पाणी, संडास आणि माणसे यांवर खर्च झाले, याचा हिशेब फाटकावर लागला पाहिजे. तसा फलक आम्ही अजून कोठे पाहिलेला नाही.

सेवा कोण देतो?

या सगळ्या गरजा भागवतो तो माळी, झाडूवाला, पहारेकरी, तिकीटखिडकीवरचा कारकून आणि जनावरांना खाऊ घालणारा कामगार. त्यांच्या कामातली जोखीम पर्यटकाला दिसत नाही. लखनौच्या प्राणिसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये पाणघोड्याचा पिंजरा साफ करायला गेलेला कामगार त्या जनावराच्या हल्ल्यात मरण पावला. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी आली आणि विसरली गेली. देशातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाच्या व्यवस्थापनाला आमचे त्या निमित्ताने चार प्रश्न आहेत. जनावराशी संबंध येणाऱ्या कामाला एका वेळी किती माणसे लावता? त्यांना प्रशिक्षण कोण देतो? मधले दुहेरी फाटक आहे का? आणि अपघात झाला तर घरच्यांना नुकसानभरपाईसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागते? ज्या पिंजऱ्यात कामगार सुरक्षित नाही, त्या पिंजऱ्याबाहेर उभे असलेले मूलही पुरते सुरक्षित नाही, एवढे व्यवहारज्ञान तरी असायला हरकत नाही.

आंबेडकर स्मारक आणि त्याच्या जोडीची इतर स्मारक-उद्याने सांभाळण्यासाठी राज्य सरकारने स्वतंत्र समिती नेमली. तिच्याकडे हजारो कर्मचारी आहेत. पगार आणि सेवाशर्ती यांसाठी त्यांना वेळोवेळी रस्त्यावर यावे लागले. गंमत अशी की, लखनौत गेली काही वर्षे धरणे धरायला सरकार जी जागा दाखवते, ती आलमबागचे इको गार्डन, म्हणजे एक उद्यानच आहे!

या शहराची परंपरा मात्र वेगळे सांगते. ज्या मोठ्या इमामबाड्याच्या भुलभुलैयात पर्यटक हरखून फिरतो, तो नवाब आसफुद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात भुकेल्या हातांना काम मिळावे म्हणून उभारायला घेतला. शहराचे सर्वांत मोठे आकर्षण हे मुळात दुष्काळी काम होते. रोजगार आणि पाहुण्याचा आनंद यांच्यात वैर असते, हा शोध अलीकडचा.

कंत्राटाने दर्जा सुधारतो?

आता विरोधकांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. ते म्हणतात : कायम कामगार सुस्तावतो, त्याला काढता येत नाही, कंत्राटदाराला दंड करता येतो, म्हणून तो काम करून घेतो. ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात काय होते? सफाई एकाकडे, पहारा दुसऱ्याकडे, बाग तिसऱ्याकडे, तिकीट चौथ्याकडे. स्वच्छतागृहात पाणी नसले तर सफाईवाला म्हणतो नळ माझा नाही, नळवाला म्हणतो पंप माझा नाही, आणि साहेब म्हणतात फाईल वर गेली आहे. काम मिळते ते सर्वांत कमी दर भरणाऱ्याला, आणि दर कमी करण्याची एकच जागा असते : माणसांची संख्या आणि त्यांची मजुरी. कागदावर वीस झाडूवाले, बागेत बारा. दंड झालाच तर तोही शेवटी मजुरीतूनच कापला जातो. दोन वर्षांनी कंत्राट बदलते तेव्हा बागेची सगळी जाण असलेली माणसे एक तर जातात किंवा नवशिकी म्हणून पुन्हा भरती होतात. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत होते ती पर्यटकाची.

याचे टोक पाहायचे तर गुजरातेत मोरबीला जावे लागेल. तेथला झुलता पूल हे शहराचे आकर्षण. नगरपालिकेने तो चालवायला आणि तिकिटे विकायला एका खाजगी कंपनीला दिला होता. ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, दुरुस्तीनंतर पूल खुला होऊन आठवडाही लोटला नव्हता तेव्हा, तो तुटला आणि १३५ माणसे मेली. एका वेळी किती जणांना पुलावर सोडायचे, हे बघण्याचा अधिकार आणि धैर्य असलेला माणूस फाटकावर नव्हता. तिकीट विकणारा मात्र होता.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेचे. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस तेथे सरकारी खर्चाची मंजुरी अडकली. राष्ट्रीय उद्यानांतले बहुतेक कर्मचारी बिनपगारी घरी बसवले गेले, पण अनेक उद्यानांची दारे पर्यटकांसाठी उघडीच ठेवली गेली. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात संडास तुंबले, कचरा साचला, वाहने नको तेथे घुसली आणि जुन्या झाडांची नासधूस झाली. पर्यटक होते, निसर्गही होता; नव्हता फक्त कामगार. त्याच्याशिवाय उद्यानाचे काय होते, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने पाच आठवड्यांत पाहिले.

कायदा काय म्हणतो?

उद्यान हा सरकारी उपकार आहे, उद्योग नव्हे, असे सांगून कामगारांना हक्क नाकारण्याची खोड जुनी आहे. तिला पहिला मोठा तडाखा बसला तो पुण्याच्या कामगारांमुळे. पाचगाव पर्वतीच्या टेकडीवर वनखात्याने लोकांच्या विरंगुळ्यासाठी आणि शिक्षणासाठी उद्यान उभारायला घेतले आणि रोजंदारीवर माणसे लावली. ती वर्षानुवर्षे रोजंदारीवरच ठेवली. कामगारांनी महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरोधी कायद्याखाली औद्योगिक न्यायालय गाठले. हे तर राज्याचे सार्वभौम कार्य, हा खात्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये फेटाळला. लोकांच्या करमणुकीसाठी बाग करणे हे सार्वभौम कार्य नव्हे, तो उद्योग आहे, आणि कायम होण्याचे हक्क डावलण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असा त्या निकालाचा अर्थ. जगन्नाथ मारुती कोंढरे हे नाव या निकालासोबत कायद्याच्या पुस्तकात गेले. आज त्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या किती पुणेकरांना हे माहीत असेल?

उत्तर प्रदेशातही कामगार गप्प बसलेला नाही. वनखात्यातल्या रोजंदारी कामगारांना नियमित वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळाले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा बजावले. गाझियाबाद महानगरपालिकेच्या उद्यान विभागातले माळी १९९८ च्या सुमारास कामाला लागले. त्यांनी हक्क मागितले, तेव्हा २००५ मध्ये नोटिशीशिवाय त्यांना घरी बसवण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना कामावर घेण्याचा आणि निम्मा थकीत पगार देण्याचा आदेश दिला. वीस वर्षे! एवढ्या काळात लावलेल्या रोपाचा वृक्ष होतो. माळ्याला न्याय मिळायलाही तेवढीच वर्षे लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्यावर आमची टीका कायम आहे. पण हाती असलेले हत्यार गंजू देऊ नये. सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत, पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांत मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. सफाई, पहारा, बागकाम ही कामे मुख्य कामातून वगळली आहेत. मात्र आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झाली असेल, तर ही वगळणूक लागू होत नाही. कारखान्याच्या आवारातली हिरवळ कापणे हे कारखान्याचे मुख्य काम नसेल. पण उद्यान हे बागकामासाठी नाही तर कशासाठी स्थापन झाले आहे? नेहमीच कंत्राटदाराकडून करून घेतली जाणारी कामे, अचानक वाढलेले काम अशा पळवाटा संहितेत आहेत आणि व्यवस्थापन त्या शोधणारच. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या उद्यानाचा स्थापनेचा ठराव काढून ठेवावा. उद्देश म्हणून त्यात काय लिहिले आहे, यावर उद्याचा खटला ठरेल.

आता आपल्या घरात

एवढे बोलल्यावर आरसा स्वतःकडे फिरवला पाहिजे. आपल्या सभासदांत सगळे त्या माळ्यासारखे नाहीत. रविवारी, म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त माणसे येतात त्याच दिवशी, निम्म्या खिडक्या बंद असतात. कारण साप्ताहिक सुटी रविवारीच हवी असा हट्ट आपणही धरला. दुपारी एक ते दोन ‘जेवणाची सुटी’ म्हणून पाटी लावून सगळेच एकदम उठतात. चार पैसे घेऊन मागच्या फाटकाने आत सोडणारा आणि खेड्यातल्या माणसाशी अरेरावीने बोलणारा आपल्यातही आहे. अशा माणसाची पाठराखण करणे म्हणजे संघटना, हा समज आपणच पसरू दिला. त्याचा फायदा कंत्राटदाराने उठवला. पर्यटकाला आपण शत्रू वाटलो, म्हणून आपल्या जागी कंत्राट आले तेव्हा त्याने हूं की चूं केले नाही.

हे बदलायचे असेल तर सेवेचा दर्जा हा प्रश्न व्यवस्थापनाच्या ताब्यात सोडता येणार नाही. तो कामगारांच्या मागणीपत्रात आला पाहिजे, आणि पगाराच्या मागणीच्या बरोबरीने आला पाहिजे. आमच्या मागण्या अशा :

१. बागकाम, सफाई, पहारा, तिकीट आणि प्राण्यांची देखभाल ही उद्यानाची मुख्य कामे मानून तेथे कायम नेमणुका व्हाव्यात. वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना त्यांत आधी घ्यावे आणि जुनी सेवा धरावी.

२. पाणी, सावली, स्वच्छतागृहे यांचे किमान प्रमाण गर्दीच्या दिवसाच्या हिशेबाने ठरवावे आणि फाटकावर लावावे.

३. मोबाईलने तिकीट जरूर मिळावे, पण रोख पैशाची खिडकी कधीही बंद होऊ नये.

४. १४ एप्रिल, ईद, दिवाळी, शाळांच्या सुट्या अशा गर्दीच्या दिवसांसाठी जादा माणसे आधीच नेमावीत. साप्ताहिक सुट्या पाळीपाळीने द्याव्यात. रविवारी काम करणाऱ्याला बदली सुटी मिळावी, आणि ही व्यवस्था संघटनेने स्वतः मान्य करावी.

५. धोकादायक जनावरांच्या पिंजऱ्यात एकट्या माणसाला पाठवू नये. सुरक्षा समितीत कामगारांचा निवडून दिलेला प्रतिनिधी असावा आणि धोका दिसल्यास काम व प्रवेश दोन्ही थांबवण्याचा अधिकार त्याला असावा.

६. महिन्यातून एकदा कामगार, व्यवस्थापन आणि नियमित येणारे नागरिक यांची बैठक व्हावी. तक्रारवही तेथे उघडून वाचली जावी, कामगारांविरुद्धच्या तक्रारीसुद्धा.

७. येणाऱ्या माणसाला मदत करणे हे प्रत्येक कामगाराच्या कामाचा भाग मानावे. त्यासाठी जागा सोडली म्हणून कोणालाही शिक्षा होऊ नये.

शेवटची मागणी वाचून कोणी हसेल. त्यांनी त्या बारा वर्षे राबलेल्या माळ्याला आठवावे. त्याला कोणी ग्राहकसेवेचे प्रशिक्षण दिले नव्हते, बक्षिसाचे आमिष दाखवले नव्हते. तहानलेली, अवघडलेली म्हातारी बघून त्याने नळी खाली ठेवली एवढेच. ‘पहले आप’ची रीत त्या दुपारी त्याने पाळली. त्याच्या माणुसकीवर उद्याने चालतात आणि त्याच्याच असुरक्षिततेवर कंत्राटे चालतात. पुढच्या वेळी कोणी साहेब ‘पर्यटक हाच केंद्रबिंदू’ असे भाषण करू लागला, तर आपल्या सभासदाने उभे राहून एकच प्रश्न विचारावा : त्या माळ्याचे नाव तुमच्या कायम हजेरीपटावर आहे काय? उत्तर ‘नाही’ आले, तर केंद्रबिंदू पर्यटक नव्हे, कंत्राटदार आहे, हे सभेतल्या प्रत्येकाला कळेल. आणि तिकीट काढून रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही ते कळावे, म्हणून हाच प्रश्न आपण फाटकावर, त्याच्याच भाषेत, लिहून लावला पाहिजे.